हुकमी गड्याचा दम

भातकापणी आटोपून शेते मोकळी झाली, की पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात कबड्डीच्या एकदिवसीय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. 'एकदिवसीय' हा शब्द तसा फसवा आहे. दिवस मावळल्यावर नारळ फुटतो, दिव्यांच्या झोतात लाल मातीचे मैदान उजळते, आणि अंतिम सामन्याची शिट्टी वाजते तेव्हा पूर्वेला तांबडे फुटायला आलेले असते. एका रात्रीत सोळा संघ, कधी बत्तीस. सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत चषक उचलणाऱ्याला चार सामने खेळावे लागतात, बत्तीस असतील तर पाच. जो हरला तो जेवून घरी गेला. जो जिंकत राहिला तो खेळत राहिला. म्हणजे संघ जितका चांगला, तितकी त्याच्या गड्यांची त्या रात्रीतली दमछाक अधिक.

काही वर्षांपूर्वी नागोठण्याच्या अलीकडे एका गावात अशीच स्पर्धा पाहत बसलो होतो. यजमान गावाच्या संघाचा हुकमी चढाईपटू माझा विद्यार्थी. द्वितीय वर्षाला मराठी घेऊन शिकणारा, वर्गात मागच्या बाकावर बसणारा आणि विचारल्याशिवाय न बोलणारा मुलगा. पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी दुबळा होता. मध्यंतरापर्यंतच त्याच्यावर दोन लोण चढले होते. सामना तिथेच संपला होता. पण निवेदक ध्वनिक्षेपकावरून त्याच मुलाचे नाव पुकारत होता, 'पब्लिक हिरो'चे बक्षीस जाहीर झाले होते, आणि तो शेवटच्या मिनिटापर्यंत चढाया करत राहिला. दुसऱ्या फेरीतही तेच. उपान्त्य सामना सुरू झाला तेव्हा पहाटेचे तीन वाजले असावेत. एका चढाईत परतताना त्याचा घोटा कोपऱ्याच्या हाती सापडला, शेजारून दुसऱ्याची धडक बसली आणि पाय रोवलेला असतानाच गुडघा वळला. बर्फ लावला, पट्टी बांधली, औषधाचा फवारा मारला. अंतिम सामन्यात तो पुन्हा मैदानात उभा राहिला. संघ हरला. पुढच्या हंगामात तो मैदानात दिसला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पुढे एकदा मी त्याला विचारले, की पहिल्या सामन्यात मध्यंतरानंतर बाहेर का बसला नाहीस? तो म्हणाला, "सर, दादांनी थांब म्हटलं नाही. आणि मी आपणहून बसलो असतो तर गावात तोंड दाखवता आलं नसतं." त्या उत्तराने मला बरेच दिवस छळले. प्रस्तुत लेख हा त्या छळाचाच परिणाम आहे.

साहित्यविषयक लेखनाच्या जागी हा विषय कशाला, अशी शंका कोणी काढील. शंका रास्त आहे. परंतु निर्णायक घटकेसाठी काय राखून ठेवावे आणि काय आजच खर्चून टाकावे, हा पेच क्रीडांगणापुरता नाही. आपल्या सर्वांत मोठ्या महाकाव्याच्या ऐन मध्यावर तो उभा आहे. तिकडे येतोच, पण आधी ज्या खेळात या प्रश्नाची चर्चा सर्वांत अधिक झाली, त्याच्याकडे पाहू.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एका संघाला साखळीत ८२ सामने खेळावे लागतात, आणि खरी लढाई त्यानंतरच्या बाद फेरीत असते. सामना ४८ मिनिटांचा. तेव्हा तारांकित खेळाडूला साखळीत किती मिनिटे खेळवायचे, हा तिथल्या प्रशिक्षकाच्या विद्येचा एक स्वतंत्र अध्यायच होऊन बसला. २०१२च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामीविरुद्धच्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना सरळ घरी पाठवून दिले. सामना देशभर दूरचित्रवाणीवरून दाखवला जाणार होता. प्रेक्षकांची फसवणूक झाली, असे म्हणून लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. राखीव गड्यांनिशी खेळलेला तो संघ अवघ्या पाच गुणांनी हरला, ही गोष्ट मात्र दंडाच्या गदारोळात मागे पडली. २०१४मध्ये हाच संघ मायामीला हरवून विजेता झाला. त्या हंगामाच्या साखळीत त्याच्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे ३० मिनिटांवर गेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण शिकागोच्या डेरिक रोजचे. २८ एप्रिल २०१२, बाद फेरीतला पहिलाच सामना. शिकागो बारा गुणांनी पुढे, घड्याळात दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरलेला, आणि रोज अजून मैदानावर. उडी घेऊन उतरताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. आदल्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढचा अख्खा हंगाम त्याला बसून काढावा लागला. अर्थात इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दुखापतींमुळे रोज त्या हंगामाच्या साखळीत ३९च सामने खेळला होता. म्हणजे विश्रांती घडूनही गुडघा गेलाच. २०२४च्या जानेवारीत खुद्द लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही, खेळाडूला सामन्यांतून विश्रांती दिल्याने दुखापती कमी होतात, असे आकडेवारीवरून सिद्ध झाले नाही. तेव्हा विश्रांती म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण जिंकलेल्या सामन्यातली ती शेवटची मिनिटे कशासाठी खेळवली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. दुखापत टळली असती की नाही हे कोणी सांगू शकत नाही. ती मिनिटे अनावश्यक होती हे मात्र गुणफलकच सांगत होता.

आता कबड्डीकडे येऊ. या खेळात मिनिटांचा हिशेब वरवर अर्थहीन वाटतो. एक तर गडी बाद झाला, की तो बाहेर बसतोच. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला, की बाद झालेला क्रमाने उठतो. हुतूतूच्या जुन्या प्रकारांत याला 'संजीवनी' म्हणत. 'गामिनी'त बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, तर 'अमर' प्रकारात तो बाद होऊनही मैदानातच थांबे. आजच्या नियमांनी पत्करली ती संजीवनी. शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव एका मातीतल्या खेळाच्या नियमाला मिळावे, ही भाषेची गंमत खरीच. पण या नियमाचा मनावर होणारा परिणाम पाहण्याजोगा आहे. हुकमी गडी बाहेर बसला म्हणजे संकट, त्याला उठवणे हे सर्वांचे पहिले कर्तव्य, अशी सवय या खेळात अंगी भिनते. बाहेर बसणे म्हणजे 'मेलेले' असणे. मग धडधाकट, बाद न झालेला गडी आपणहून बाहेर बसवायचा, ही कल्पनाच विपरीत वाटू लागते. माझ्या विद्यार्थ्याला गावात तोंड दाखवणे कठीण वाटले, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरे असे, की कबड्डीत मोजायला हवीत ती मिनिटे नव्हेत, चढाया. चढाई तीस सेकंदांची. अर्ध्या तासाचा सामना धरला तर दोन्ही संघांच्या मिळून साठ, म्हणजे एकेका संघाच्या सुमारे तीस चढाया होतात. त्यांतल्या निम्म्या एकट्या हुकमी गड्याने केल्या तर सामन्यामागे पंधरा, आणि एका रात्रीच्या चार सामन्यांत साठ. साठ वेळा दम घुमवत सात जणांच्या अंगणात शिरायचे, आणि घोटा, मांडी, कंबर धरायला टपलेल्या हातांतून साठ वेळा परतायचे. रात्र चढत जाते तसे शरीर थंड होते, सामन्यांमधल्या खोळंब्यात स्नायू आखडतात, आणि नेमके तेव्हाच सर्वांत बळकट संघ समोर येतो. त्या साठांतल्या वीस चढाया तरी निकाल लागून गेलेल्या सामन्यांतल्या असतात, असे माझे अनेक रात्रींचे निरीक्षण आहे.

येथे कर्ण आठवतो. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, आणि ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्य मावळला तरी लढाई थांबली नाही. दिवे आणि मशाली पेटवून ती रात्रीही चालू राहिली. घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, सैनिक कर्णाला आक्रंदून विनवू लागले, आणि ती राखलेली शक्ती त्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली. पांडव शोकात बुडाले असताना कृष्ण हर्षभरित झाला, तो याच हिशेबामुळे. मराठी वाचकाचा कर्ण 'मृत्युंजय'ने (१९६७) घडवलेला. अन्यायग्रस्त, दानशूर, एकाकी. त्या प्रतिमेच्या तेजात द्रोणपर्वातला हा रोकडा व्यवहार आपल्या नजरेतून निसटतो.

या प्रसंगाचा सोपा अर्थ असा लावता येईल, की कर्णाने उपान्त्य सामन्यात हुकमाचा एक्का टाकला आणि अंतिम सामना गमावला. पण महाभारत इतके सोपे अर्थ लावू देत नाही. ती शक्ती वापरली नसती तर सकाळी लढायला सेना उरली असती का? बाद पद्धतीच्या स्पर्धेचा नेमका हाच पेच आहे. ८२ सामन्यांच्या साखळीत चार-दोन सामने सोडून देणे परवडते. रोह्याच्या मैदानावर पहिला सामना हरलात तर अंतिम सामन्यासाठी राखून ठेवलेला दम घेऊन तुम्ही मध्यरात्रीआधी घरी परतता.

आणि महाभारत याच्याही पुढे जाते. धृतराष्ट्र विचारतो, की ती शक्ती हाती असताना कर्णाने अर्जुनावर आधीच का चालवली नाही? उत्तर मोठे मार्मिक आहे. दररोज रात्री शिबिरात ठरे, की उद्या ती शक्ती अर्जुनावरच टाकायची. आणि दररोज सकाळी ते विसरले जाई. कृष्णाने घातलेला मोह, असे त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. आपण इतकेच म्हणू, की राखून ठेवण्याचाही एक मोह असतो. राखलेली वस्तू योग्य क्षणाची वाट पाहत राहते आणि शेवटी अयोग्य क्षणी, दुसऱ्याच्या आक्रोशापायी खर्ची पडते. नुसते राखणे म्हणजे नियोजन नव्हे. कोणत्या क्षणी काढायचे आणि तोवर दुसऱ्या कोणाच्या बळावर लढायचे, हे आधी ठरलेले असेल तरच त्या राखण्याला अर्थ.

'दुसऱ्या कोणाच्या बळावर' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत जाऊन पाहावे. साच्यातून मूर्ती काढणारे हात वेगळे, घासून गुळगुळीत करणारे वेगळे, रंग देणारे वेगळे. आणि डोळ्यांची आखणी करणारा हात सर्वांत मोलाचा. मूर्तीत जीव येतो तो आखणीने. शहाणा कारखानदार त्या कारागिराला मातीची पोती उचलायला लावत नाही. चतुर्थी तोंडावर आली की त्याच्या हातांची आणि डोळ्यांची काळजी सगळे घेतात. पण तो कारखानदार आणखी एक गोष्ट करतो. शिकाऊ पोराच्या हाती लहान मूर्ती देतो आणि म्हणतो, हिचे डोळे तू कर. एखादी मूर्ती बिघडते. मात्र त्या बिघडलेल्या मूर्तीच्या मोलात पुढच्या वीस वर्षांची सोय होते. हे ज्याला जमत नाही, त्याचा कारखाना एका माणसाच्या मोतीबिंदूबरोबर बंद पडतो.

कबड्डीच्या संघात राखीव चढाईपटू असतो. त्याला खेळायला मिळते ते हुकमी गडी जायबंदी झाल्यावर, म्हणजे सर्वांत कठीण सामन्यात, पहाटे तीन वाजता, तीन तास थंडीत बसून आखडलेल्या अंगाने. मग तो चुकतो, आणि आपण म्हणतो, बघा, त्याच्यात ती धमकच नाही. पहिल्या फेरीच्या उत्तरार्धातल्या ज्या दहा चढाया त्याच्या होत्या, त्या आपण आधीच हुकमी गड्याला देऊन टाकलेल्या असतात. हुकमी गड्याची मिनिटे राखणे हा म्हणूनच त्याच्या एकट्याच्या गुडघ्याचा प्रश्न नाही. संघात दुसऱ्या कोणाला वाढू द्यायचे की नाही, याचा तो प्रश्न आहे.

व्यावसायिक कबड्डीत दोन्ही तऱ्हा यशस्वी झालेल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रो कबड्डीच्या २०१७च्या हंगामात पाटणा संघाच्या परदीप नरवालने एकट्याने चढायांतून ३६९ गुण मिळवले आणि संघ विजेता झाला. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटण विजेती झाली, ती नेमकी दुसऱ्या तऱ्हेने. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशा चौघांत चढायांचे ओझे वाटलेले. हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पहिल्या पाच चढाईपटूंत पुण्याचा एकही नव्हता. तरीही साखळीत संघ अव्वल, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो त्यांचाच कर्णधार अस्लम. आणि परदीप? कारकिर्दीत अठराशेहून अधिक गुण मिळवलेल्या या खेळाडूला २०२५च्या लिलावात कोणी घेतले नाही, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. कारणे अनेक असतील. एका ओझ्याकडे बोट दाखवून मोकळे होणे बरोबर नाही. तरी अठ्ठावीस हा आकडा मनात खुपतो.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा प्रेक्षकाचा आहे. पेणहून शेवटची एस.टी. पकडून जो माणूस केवळ त्या एका गड्याला पाहायला आला, त्याला राखीव गड्याच्या चढाया दाखवणे हा अन्याय नव्हे काय? लीगने पॉपोविचना दंड केला तो याच न्यायाने. २०२३पासून तर तिथे तारांकित खेळाडूंना विश्रांती देण्यावर नियमांचीच बंधने आली. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचांपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे आधीच जाहीर झाले तेव्हा आपल्याकडेही असाच कल्लोळ उठला. भारताने त्या मालिकेत जिंकलेल्या दोन्ही कसोट्या तो नसतानाच्या होत्या. यावरून बुमराह नको होता, असे कोणी शहाणा म्हणणार नाही; पण त्याच्यावाचून सगळे संपते, हेही खरे ठरले नाही. प्रेक्षकाचे मन मी जाणतो, कारण मीही त्या रात्री प्रेक्षकच होतो. तिसरा लोण चढावा म्हणून माझ्याच हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मात्र बुमराह, परदीप, डंकन यांच्यात आणि माझ्या विद्यार्थ्यात एक मोठा फरक आहे. त्यांच्या विश्रांतीची चिंता वाहणारा कोणी तरी असतो. कारण त्यांच्या शरीरात कोणाचा तरी पैसा गुंतलेला असतो. वैद्य, प्रशिक्षक, आकडे मांडणारे, सगळे पदरी असतात. रात्रीच्या स्पर्धेतल्या मुलाचे शरीर मंडळाचे असते, गावाचे असते, बक्षीस लावणाऱ्या पाहुण्याचे असते, निवेदकाचे असते. आणि गुडघा सुजला की ते फक्त त्याच्या आईचे होते. जिथे कोणीच मालक नाही, तिथे राखणही कोणी करत नाही. म्हणून ती राखण नियमाने आणि रिवाजानेच करावी लागेल. खेळाडूवर सोडून चालणार नाही, कारण तो 'थांबतो' असे कधीच म्हणणार नाही. तसे न म्हणण्यासाठीच तर त्याला आपण घडवलेले असते.

काय करता येईल? फार मोठ्या गोष्टी नाहीत. बत्तीस संघांची स्पर्धा एका रात्रीत उरकण्याऐवजी दोन रात्रींत घ्यावी; कोणत्याही संघाला एका रात्रीत तीनहून अधिक सामने पडू नयेत. उत्कृष्ट चढाईचे बक्षीस उपान्त्य आणि अंतिम सामन्यांतल्या खेळावर द्यावे, म्हणजे दुबळ्या संघाविरुद्ध गुण लुटत राहण्याची गरज उरणार नाही. दुसरा लोण चढला आणि आघाडी भक्कम असली, की हुकमी गडी बाहेर आणि राखीव आत, असा प्रत्येक संघाने स्वतःपुरता दंडक घालून घ्यावा. मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी तो आधीच सर्वांसमक्ष सांगावा, म्हणजे बसणाऱ्या मुलाला तोंड लपवावे लागणार नाही. आणि प्रशिक्षकाजवळ एक साधी वही असावी, तीत कोणी किती चढाया केल्या याच्या रेघा ओढाव्यात. खर्च शून्य.

तो विद्यार्थी आता धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गुडघा पावसाळ्यात दुखतो, म्हणतो. मागच्या हंगामात तो एका स्पर्धेत भेटला. गावातल्या लहान पोरांचा संघ घेऊन आला होता. सामना एकतर्फी झाला होता, आणि त्याचा सर्वांत चपळ पोरगा रेषेबाहेर गुडघ्यांना हात टेकून, हिरमुसला होऊन बसला होता. मैदानात दुसराच एक किडकिडीत मुलगा चढाईला निघाला होता, आणि दोन पावले टाकताच त्याचा दम तुटला. प्रेक्षक हसले. माझा विद्यार्थी हसला नाही. त्याने हातातल्या वहीत एक रेघ ओढली आणि त्या किडकिडीत मुलाला ओरडून सांगितले, "पुढची पण तूच जा."